फोंताइन्हासच्या कडेचे दुमजली घर : आतून पाडून स्लॅब घालावा, की आहे ते दुरुस्त करून व्यवसायासाठी द्यावे?

प्रश्न : घरमालकांपैकी एक, मळा-पणजी

नमस्कार. पणजीत मळ्याकडून फोंताइन्हास या जुन्या वस्तीकडे जाणाऱ्या एका गल्लीत आमच्या आजोबांच्या काळापासूनचे दुमजली घर आहे. भिंती चिऱ्यांच्या आणि चांगल्या जाड आहेत, वरची जमीन फळ्यांची आहे, छप्पर मंगलोरी कौलांचे आहे, रस्त्याच्या बाजूला वर एक अरुंद लाकडी सज्जा आहे आणि मागे तुळशीवृंदावन असलेले छोटे राजांगण आहे. तळमजल्यावर पूर्वी शिंप्याचे दुकान होते. ते बंद होऊन बराच काळ लोटला. वरच्या मजल्यावर माझी आत्या एकटी राहते आणि तिला तेथून हलायचे नाही. हे आधीच सांगते, कारण पुढचा सगळा विचार या एका गोष्टीला धरूनच करायचा आहे.

आमच्या आजूबाजूच्या घरांत गेल्या काही वर्षांत बराच बदल झाला आहे. कोठे चित्रदालन आले, कोठे वास्तुरचनाकारांचे कार्यालय, कोठे कॅफे, तर कोठे पाहुण्यांसाठी खोल्या. ज्या घरांची दारे वर्षानुवर्षे बंद होती त्यांपैकी काही उघडली, याचा मला मनापासून आनंद आहे. आता एका डिझाइन संस्थेने आमचा तळमजला दीर्घ मुदतीने भाड्याने मागितला आहे. पुढच्या खोलीत लहान कलादालन, मागे त्यांचे कार्यालय आणि राजांगणात कॉफीची काही टेबले, अशी त्यांची कल्पना आहे. डिसेंबरात सेरेंडिपिटी कला महोत्सवाच्या वेळी शहरात कलारसिकांची गर्दी असते, म्हणून त्यांना त्याआधी जागा हवी आहे.

अडचण घराच्या प्रकृतीची आहे. तळमजल्याच्या भिंतींना कमरेपर्यंत ओल चढलेली असते, वडिलांनी करून घेतलेला सिमेंटचा गिलावा फुगून पडतो आणि कितीही वेळा रंग दिला तरी पापुद्रे सुटतात. काही वाशांना वाळवी लागली आहे. ज्या कंत्राटदाराला घर दाखवले त्याचे मत असे की, दर्शनी भिंत तेवढी ठेवावी, आतले सारे पाडून सिमेंट-काँक्रीटचे खांब आणि स्लॅब घालावेत आणि कौलांच्या जागी गच्ची करावी. बाहेरून घर पूर्वीसारखेच दिसेल. चुन्याचे काम करणारे कारागीर आता मिळत नाहीत आणि चुना टिकतही नाही, असे तो म्हणतो. त्याचे म्हणणे कितपत खरे आहे, घर न पाडता ते अशा व्यवसायाच्या उपयोगी आणता येईल का, आणि हाती पैसा मर्यादित असताना सुरुवात कोठून करावी, याविषयी अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर : वास्तुरचनाकार, जुन्या घरांची दुरुस्ती, मडगाव

कंत्राटदाराने जी लक्षणे दाखवली ती खरी आहेत, पण त्यावर त्याने सुचवलेला उपाय आपल्या घराला मानवणारा नाही. चिरा म्हणजे जांभा हा सच्छिद्र दगड आहे. तो जमिनीतले पाणी वर ओढतो आणि पृष्ठभागावरून हवेत सोडतो. जुन्या गवंड्यांनी त्यावर शिंपल्यांच्या चुन्याचा गिलावा दिला आणि वर दरवर्षी पावसाळ्यानंतर चुन्याची सफेदी किंवा चुन्यात कालवलेला रंग दिला, तो केवळ शोभेसाठी दिलेला नव्हता. या सर्व थरांतून वाफ बाहेर पडू शकत होती. त्यावर सिमेंटचा गिलावा आणि प्लास्टिक इमल्शन चढले की पाण्याची वाट बंद होते. मग ते भिंतीत आणखी उंच चढते, सोबत क्षार आणते, ते क्षार गिलाव्याच्या मागे साठून फुगतात आणि गिलावा सोलून काढतात. आपल्या भिंतीवर ओलीची उंची कमरेपर्यंत गेली आहे, त्यात या सिमेंटचा मोठा वाटा असणार.

आपल्या वाड्याची, म्हणजे वस्तीची, भूरचनाही लक्षात घ्यायला हवी. फोंताइन्हास आणि मळा हे आल्तिनोच्या डोंगरपायथ्याला, डोंगर आणि रुआ द ओरेंची खाडी यांच्यामध्ये वसलेले आहेत. डोंगरात मुरलेले पाणी पायथ्याशी बाहेर येते. मळ्यातला फोंत फेनिक्सचा झरा हा त्याचाच पुरावा आहे. दुसऱ्या बाजूने भरतीच्या वेळी खाडीचे मचूळ पाणी गटारांतले पाणी अडवून धरते. वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस घेणाऱ्या प्रदेशात अशा दोन पाण्यांच्या मध्ये असलेले घर पूर्ण कोरडे करणे शक्य नसते. आलेले पाणी अडवून न धरता त्याला बाहेर जाऊ देणे एवढेच आपल्या हाती असते, आणि जुनी बांधणी नेमके तेच करते. काँक्रीटच्या सांगाड्याची गोष्ट याच्या उलट आहे. खाऱ्या, दमट हवेत निष्काळजीपणे केलेल्या काँक्रीटमधील लोखंडी सळ्या गंजतात, फुगतात आणि काँक्रीट फोडतात. पणजीतल्या कितीतरी अलीकडच्या इमारतींचे सज्जे आज आजोबांच्या घरापेक्षा वाईट अवस्थेत आहेत, हे कोणीही रस्त्यावरून चालताना पाहू शकतो.

आता कामाचा क्रम. पहिले काम छपराचे. छप्पर गळते तोपर्यंत खाली केलेला सारा खर्च वाया जातो. कौले उतरवून धुवावीत, टिचकी मारून वाजवून पाहावीत आणि भद्द आवाज देणारी तेवढीच बाजूला काढावीत. मंगलोरी कौलांचा पहिला कारखाना बाझल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने १८६५ साली मंगळुरात काढला आणि तेथून ही कौले सगळ्या किनाऱ्यावर पसरली. आपल्या कौलांच्या पाठीवर कारखान्याचा ठसा असेल तर ती फेकू नयेत, कारण तशी भाजणी आज क्वचितच मिळते. वाशांपैकी संपूर्ण सडलेले फार थोडे निघतील. लाकूड बहुधा भिंतीत शिरलेल्या टोकाशी सडते, कारण तेथे त्याला वारा लागत नाही. तेवढे टोक कापून जुन्या सागवानाचा किंवा माट्टीच्या लाकडाचा तुकडा सांध्याने जोडता येतो. नवे टोक बसवताना भिंतीतल्या खाचेत लाकडाभोवती थोडी मोकळी जागा ठेवावी आणि वाळवीवरचे औषध टोकाला आधीच पाजून घ्यावे.

दुसरे काम घराभोवतीच्या पाण्याचे. रस्त्यावर डांबराचे थर चढत गेल्याने कित्येक जुन्या घरांचे जोते रस्त्याच्या बरोबरीला किंवा त्याच्याही खाली आले आहे. आपल्या घराचे तसे झाले असेल तर भिंतीला लागून उथळ चर काढून त्याला उतार द्यावा, राजांगणाचा निचरा मोकळा करावा आणि राजांगणात कोणी सिमेंटचा कोबा केला असल्यास तो फोडून टाकावा. आतल्या जमिनीवर चकचकीत व्हिट्रिफाइड फरशी घालण्याचा मोह टाळावा. जमिनीतून वर येणारी वाफ अशा फरशीखाली अडते आणि बाजूच्या भिंतींत चढते. जुनी तांबडी कावेची किंवा ऑक्साइडची जमीन शिल्लक असेल तर तिला फक्त घासून तेल पाजावे.

त्यानंतरच भिंती. सिमेंटचा गिलावा ओलीच्या रेषेच्याही हातभर वरपर्यंत काढून चिरा उघडा ठेवावा आणि एक संपूर्ण कोरडा हंगाम तसाच वाळू द्यावा. वर येणारे क्षार कोरड्या ब्रशने झाडावेत. पाण्याने धुतले तर ते पुन्हा आत जातात. चुना टिकत नाही ही तक्रार बहुतेक वेळा घाईची असते. पोत्यातली चुन्याची पूड सिमेंटसारखी आणली, कालवली आणि लगेच लावली तर ती टिकणारच नाही. चुना भिजवून काही आठवडे पाण्याखाली मुरवावा लागतो, वाळू खारी नसावी लागते, गिलावा पातळ थरांत द्यावा लागतो आणि प्रत्येक थर उन्हापासून झाकून ओलसर ठेवावा लागतो, कारण चुना हवेतला कर्बवायू घेत सावकाश दगडासारखा होतो. कारागीर मात्र कमी उरले आहेत, यात कंत्राटदार चुकीचे सांगत नाही. तरीही ते आहेत. चर्चच्या आणि देवळांच्या दुरुस्तीची कामे जेथे चालू असतील तेथे चौकशी केल्यास सापडतात. रेईश मागुशचा किल्ला २०१२ साली दुरुस्त होऊन लोकांसाठी खुला झाला आणि आज तेथे व्यंगचित्रकार मारियो मिरांडा यांची चित्रे पाहायला मिळतात. कोणाला जुन्या चिऱ्याच्या वास्तूत कलादालन कसे बसते हे पाहायचे असेल तर मांडवी ओलांडून तेवढे पाहून यावे.

खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांच्या चकत्या असतील तर एकही फेकू नका. ज्या शिंपल्यापासून त्या करतात तो आता वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, त्यामुळे नव्या चकत्या बाजारातून आणणे हा पर्यायच नाही. मोडक्या खिडक्यांतून निघालेल्या जुन्याच पुन्हा बसवाव्या लागतात.

उत्तर : स्ट्रक्चरल इंजिनीअर, म्हापसा

वरील उत्तराशी मी बहुतांशी सहमत आहे, तरी दोन गोष्टी मला अधिक जोर देऊन सांगायच्या आहेत आणि एका बाबतीत माझे मत थोडे वेगळे आहे.

दर्शनी भिंत ठेवून आतले पाडणे हा पर्याय स्वस्त आणि सुरक्षित वाटतो, पण तो दोन्ही नाही. जुन्या घरातली उंच भिंत एकटी उभी नसते. मजल्याच्या तुळया, छपराचे वासे आणि आडव्या भिंती तिला धरून ठेवतात. आतले काढले की चुन्यात रचलेली दुमजली भिंत पावसाळी वाऱ्यात निराधार उभी राहते. शिवाय आपल्या भागातली घरे एकमेकांना लागून आहेत आणि कित्येकांची बाजूची भिंत सामाईक आहे. खांबांसाठी खड्डे खणताना आपण शेजाऱ्याच्या उथळ दगडी पायाच्या खाली, आणि तेही ओल्या जमिनीत जातो. शेजारच्या घराला तडे गेले तर त्याची भरपाई, भांडण आणि कोर्टकचेरी या खर्चाचा आकडा कोणत्याही कंत्राटदाराच्या अंदाजपत्रकात नसतो.

वजनाचाही हिशेब करावा. पाच इंची स्लॅबचे स्वतःचे वजनच चौरस मीटरला सुमारे ३०० किलो भरते. फळ्यांची जमीन याच्या मानाने अगदीच हलकी असते आणि आपल्या भिंती त्या हलक्या जमिनीसाठी बांधलेल्या आहेत. वापराचा भारही बदलतो. राहत्या खोलीसाठी आपल्याकडची भारमानके चौरस मीटरला सुमारे २०० किलो धरतात, तर माणसे गर्दीने उभी राहतील अशा सभागृहासाठी सुमारे ५०० किलो. म्हणून चित्रप्रदर्शनाचे उद्घाटन तळमजल्यावरच व्हावे. आत्याबाई वर राहतात हे घराच्या दृष्टीनेही उत्तम आहे, कारण राहण्याइतका हलका वापर त्या फळ्यांना दुसरा नाही.

माझे मत जेथे वेगळे आहे ते असे. काही ठिकाणी लोखंड वापरल्यावाचून गत्यंतर नसते आणि त्याबद्दल संकोच करू नये. कोपऱ्यात दोन भिंती एकमेकींपासून सुटल्या असतील तर स्टेनलेस स्टीलच्या ताणसळ्यांनी त्या बांधाव्या लागतात. दुकानाचे दार रुंद करण्यासाठी कोणी पूर्वी भिंत कापली असेल आणि वरच्या लाकडी पाटाला बाक आला असेल, तर तेथे लोखंडी तुळई घालणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे. पुढे कधी काढता येईल अशी आणि डोळ्यांना वेगळी ओळखू येईल अशी भर घालावी. जुन्याची नक्कल करून ती लपवू नये. तड्यांवर आधी काचेच्या पट्ट्या चिकटवून ठेवा. पट्टी फुटली तर हालचाल चालू आहे, आणि तशी ती चालू असेल तर गिलाव्याला हात लावण्याआधी पायाची तपासणी झाली पाहिजे.

उत्तर : फोंताइन्हास येथील रहिवासी

घराची दुरुस्ती कशी करावी हे जाणकारांनी लिहिले आहे. मी तेथे काय चालवावे याविषयी लिहितो, कारण आमच्या वाड्यात आज खरा ताण त्याचाच आहे.

घरे उघडली, दुरुस्त झाली, रंगली, हे चांगलेच झाले. पण सकाळपासून दारासमोर छायाचित्रे काढणाऱ्यांची रांग लागते, वधूवर सज्ज्याखाली उभे केले जातात आणि घरात आजारी माणूस आहे असे सांगूनही आवाज थांबत नाही, म्हणून कित्येक घरांवर छायाचित्रणास मनाई असल्याच्या पाट्या लागल्या. या घरांत अजून माणसे राहतात हे पाहुण्यांच्या लक्षात येत नाही, आणि प्रत्येक घराचे रूपांतर पाहुणेघरात किंवा उपाहारगृहात होत गेले तर थोड्या वर्षांत येथे माणसे खरेच राहणार नाहीत. आपल्या आत्याबाई वर राहतात म्हणून मी हे इतक्या कळकळीने लिहीत आहे. त्यांच्या पायाखाली फक्त फळ्या आहेत. खाली खुर्ची सरकली तरी वर ऐकू येते, राजांगणातले बोलणे तर चारही भिंतींवर आपटून थेट त्यांच्या खिडकीत शिरते.

माझ्या मते कलादालन आणि कार्यालय हे दोन्ही उपयोग आपल्या घराला शोभणारे आहेत. दिवसा चालतात, संध्याकाळी बंद होतात, आणि त्यांना पाणी, धूर, तेल यांचा संबंध नाही. कॉफीबाबत मात्र मी सावध राहीन. कॉफीचे यंत्र आणि बाहेरून आणलेले पाव-केक इथवर ठीक. स्वयंपाकघर आले की धुराडे, तेलकट सांडपाणी, गॅसच्या टाक्या आणि रात्री उशिरापर्यंतची वर्दळ येते. राजांगणात टेबले किती आणि किती वाजेपर्यंत, हे आधी ठरवा.

आणखी एक गोष्ट. आमच्या भागाचे स्वतःचे एक वर्ष असते. सेंट सेबास्टियन चॅपेलचे फेस्त असते, मारुतीगडावरची जत्रा असते, तेव्हा रस्ता फेरीचा आणि देवाचा असतो. नवा भाडेकरू येथे कला दाखवायला येत असेल तर त्याने ते दिवस समजून घ्यावेत आणि जमल्यास शेजारच्या मुलांना चित्रे काढायला आत बोलवावे. शिंप्याच्या दुकानात वाड्यातली सगळी माणसे जात असत. कलादालनातही ती सहजपणे शिरतील असे काहीतरी असायला हवे, नाहीतर आमच्याच गल्लीत आम्ही बाहेरचे होतो.

प्रश्नकर्तीकडून

सर्वांचे मनापासून आभार. काँक्रीटचा विचार आम्ही सोडला आहे. सामाईक भिंतीचा मुद्दा तर आमच्यापैकी कोणाच्याही ध्यानात नव्हता.

आता दोन शंका उरतात. घर वडिलांच्या पिढीतल्या भावंडांच्या नावावर आहे, दोघे हयात नाहीत, आणि मुंबईतला एक चुलतभाऊ विकून टाका म्हणतो. अशा स्थितीत भाडेकरार करता येईल का? दुसरे म्हणजे, ती संस्था दुरुस्तीचा काही खर्च स्वतः करायला तयार आहे, पण डिसेंबरचा आग्रह सोडत नाही. त्यांना काय सांगावे?

उत्तर : वकील, पणजी

कागदांचे काम कारागिरांच्या आधी सुरू करा, कारण ते अधिक वेळ घेते.

प्रथम नगर भूमापन कार्यालयातून ‘फॉर्म डी’चा, म्हणजे मालमत्तेच्या नोंदीचा, उतारा आणि नकाशा काढा. त्यावरचा चलता क्रमांक (जागेचा भूमापनातला क्रमांक), पी. टी. शीट (नकाशाचे पान) क्रमांक आणि प्रत्यक्ष जागेची हद्द जुळते का ते पाहा. जुन्या घरांत राजांगणाचा एखादा कोपरा शेजाऱ्याच्या क्रमांकात दाखवलेला आढळतो. दोन भावंडे हयात नसल्याने त्यांचे वारस ठरवावे लागतील. गोव्यात वारसाहक्क, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरी (मृताच्या मालमत्तेची यादी करून वाटणी) यांविषयीचा २०१२चा कायदा आहे. सगळ्यांचे एकमत असल्यास नोटरीपुढील वारसनोंदीने पुष्कळ काम होते, आणि वाटणीवर वाद असल्यास न्यायालयात इन्व्हेंटरीची कारवाई करावी लागते. आपल्याकडच्या नागरी संहितेप्रमाणे विवाहाने मालमत्ता सामाईक होत असल्यामुळे हयात वारसांच्या पती किंवा पत्नीचीही संमती आणि सही घ्यावी. ती राहिली म्हणून अडकलेले व्यवहार आम्ही नेहमी पाहतो. जाता जाता सांगतो, भाड्याचे उत्पन्नही गोव्यातील अशा दांपत्यात आयकरासाठी समान विभागले जाते, तेव्हा विवरणपत्र भरणाऱ्याला ते आधीच सांगून ठेवा.

चुलतभावाविषयी : इन्व्हेंटरीत त्याचा हिस्सा इतर वारसांनी रकमेच्या मोबदल्यात घेता येतो, त्यामुळे एकाला विकायचे आहे म्हणून संपूर्ण घर विकावे लागते असे नाही. आत्याबाईंचा वरच्या मजल्यावर राहण्याचा हक्क त्याच वेळी लेखी करून ठेवा. सध्या सगळे प्रेमाने वागत आहेत, म्हणूनच ही योग्य वेळ आहे.

शिंप्याच्या दुकानाबद्दल आपण एका वाक्यात लिहिले, पण मला तेथे सर्वांत मोठा धोका दिसतो. ते दुकान भाड्याने दिलेले होते का? होते तर भाडेकरूने किंवा त्याच्या वारसांनी ताबा लेखी सोडला आहे का? गोव्यात इमारतींच्या भाड्याविषयीचा १९६८चा कायदा आहे आणि जुन्या भाडेकरूंचे हक्क नुसते शटर बंद राहिल्याने आपोआप संपत नाहीत. त्यांच्याकडून हक्क सोडल्याचे कागदपत्र मिळाल्याशिवाय नव्या संस्थेशी काहीही ठरवू नका.

परवानग्यांचे म्हणाल तर नियोजन व विकास प्राधिकरणाकडून झोनिंगचा, म्हणजे जागा कोणत्या वापराच्या क्षेत्रात येते याचा, दाखला घ्या. घर संवर्धन क्षेत्रात असेल तर बाहेरून दिसणाऱ्या बदलांचा आणि पाडकामाचा प्रस्ताव २०१०च्या बांधकाम नियमावलीनुसार संवर्धन समितीपुढे जातो. कंत्राटदाराची ती गच्ची तेथे अडली असती असे मला वाटते. निवासी जागेचा वापर बदलण्याची परवानगी, महापालिकेचा व्यवसाय परवाना आणि कॉफी विकायची तर अन्नसुरक्षेची नोंदणी, हे सारे करारात कोणी मिळवायचे ते लिहा.

करार एका वर्षाहून अधिक मुदतीचा असेल तर त्याची नोंदणी सक्तीची आहे. अकरा महिन्यांचे करार पुन्हा पुन्हा करण्याची पद्धत येथे उपयोगाची नाही, कारण दुरुस्तीत पैसा घालणाऱ्याला मुदतीची हमी हवी आणि तुम्हाला त्याच्या कामावर अंकुश हवा. संस्था जो खर्च करील तो आधी मंजूर केलेल्या अंदाजपत्रकाप्रमाणेच होईल आणि भाड्यातून ठरावीक हप्त्यांनी वळता होईल, असे कलम घाला. सिमेंटचा गिलावा, भिंतीत खाचा पाडून वायरिंग आणि वरच्या तुळयांना काही टांगणे, या तिन्ही गोष्टींना मालकाच्या लेखी परवानगीशिवाय मनाई असावी. कौले तपासण्याचे काम दरवर्षी मे महिन्यात कोणी आणि कोणाच्या खर्चाने करायचे, तेही नावानिशी लिहा.

उत्तर : वास्तुरचनाकार, मडगाव

वकीलसाहेबांच्या यादीत एक कलम वाढवतो : वातानुकूलन यंत्रातून गळणारे पाणी नळीने गटारापर्यंत नेलेच पाहिजे. चिऱ्याच्या भिंतीवर वर्षभर तो थेंब पडत राहिला तर तेवढ्या भागात लोणा, म्हणजे क्षारांचा थर, लागतो आणि दुरुस्ती पुन्हा पहिल्यापासून करावी लागते. कलादालनासाठी तर वातानुकूलनापेक्षा हवेतली आर्द्रता शोषून घेणारे यंत्र अधिक उपयोगी पडेल. चित्रांना बुरशी दमटपणामुळे लागते, आणि जाड भिंतींमुळे उकाडा तसाही कमी असतो. वायरिंग भिंतीच्या वरून उघड्या नळीतून न्यावे आणि शौचालय मागच्या पडवीत, मुख्य भिंतींपासून दूर ठेवावे.

डिसेंबरविषयी संस्थेला स्पष्ट सांगा की, संपूर्ण तळमजला या वर्षी तयार होणार नाही. छपराचे काम ऑक्टोबरात पाऊस ओसरल्यावरच सुरू होऊ शकते आणि भिंतींना त्यानंतरचा कोरडा हंगाम वाळायला हवा. ज्या महिन्यांत पणजीत इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव आणि मग कला महोत्सव असतो, तेच महिने आपल्या हवामानात चुना आणि कौले यांच्या कामाचेही असतात. दोन्ही एकाच जागेत एकाच वेळी होत नाहीत. महोत्सवाच्या तारखेसाठी ओल्या भिंतीवर गिलावा चढवला तर पुढच्या जूनमध्ये तो उतरलेला दिसेल आणि दोष चुन्याला दिला जाईल.

तरीही त्यांना रिकाम्या हाती परत पाठवण्याची गरज नाही. शिंप्याच्या वारसांचा कागद हाती आला आणि परवानगी मिळाली, तर रस्त्याकडची पुढची खोली तेवढी महोत्सवाच्या दिवसांपुरती तात्पुरत्या प्रदर्शनाला देता येईल. त्या खोलीतला सिमेंटचा गिलावा आताच काढा, चिरे झाडून स्वच्छ करा आणि भिंतीला काहीही न लावता चित्रे जमिनीवरच्या लाकडी चौकटींवर, भिंतीपासून हातभर अंतर राखून उभी करा. दारे-खिडक्या उघड्या राहिल्या की भिंत त्या काळातही वाळत राहील. वरचे छप्पर मात्र त्याच सुमारास उघडे नसावे, म्हणून कौलांचे काम मागच्या बाजूने सुरू करून पुढचा भाग जानेवारीत घ्यावा; डिसेंबरात एखादी अवकाळी सर आली तरी ताडपत्री मागच्या भागावरच पुरेल. गिलाव्याचा पहिला थर त्यापुढच्या ऑक्टोबरात, पावसाळ्यात ओल कोठपर्यंत चढली ते पाहून द्यावा. त्यासाठी येत्या सप्टेंबरात प्रत्येक भिंतीवरची ओलीची रेषा खडूने आखून तिचे छायाचित्र काढून ठेवा, आणि पुढच्या सप्टेंबरात तेच पुन्हा करा. त्या दोन रेषांमधले अंतर पाहून गिलावा द्यायचा की आणखी थांबायचे, ते गवंड्याबरोबर बसून ठरवता येईल.